इतिहासाचं तेवढं तुम्ही बघा

आमच्या कॉलेजात राष्ट्रीय चर्चासत्र घ्यायचं ठरलं की मला आधी चीड येते आणि मग डोकं दुखायला लागतं. यंदाचा विषय होता ‘विविध ज्ञानशाखांतील अलीकडील प्रवाह : ऐतिहासिक परिप्रेक्ष्य’. एवढं लांबलचक नाव कशासाठी, तर कोणत्याही विभागाच्या माणसाला आपला निबंध खपवता यावा. आणि राष्ट्रीय कशावरून, तर शेजारच्या राज्यातून एक जण गाडी करून येणार होता. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावून फर्मावलं, “मॅडम, सगळ्यांच्या निबंधांना सुरुवातीला दोन-दोन पानं ऐतिहासिक पार्श्वभूमी लागेल. ते तेवढं तुम्ही बघा.” जणू इतिहास म्हणजे पोह्यांवर भुरभुरायची कोथिंबीर.

मी इथं इतिहास शिकवते, म्हणून सगळे माझ्याकडे रांगेनं आले. रसायनशास्त्राच्या सरांना नॅनोकण हवे होते, तेही पूर्वजांनी औषधाला केलेल्या भस्मात सापडलेले. वाणिज्यवाल्यांना मोबाइलवरून पैसे देण्याचा उगम हडप्पापर्यंत नेऊन हवा होता. संगणकाचे सर तरुण आणि हुशार, पण कृत्रिम बुद्धिमत्तेवरचा निबंध ‘प्राचीन काळापासून’ याच शब्दांनी सुरू व्हावा असा त्यांचाही हट्ट.

मी त्यांना म्हणाले, “सर, आपल्या कॉलेजात पहिला संगणक आला तिथून सुरू करा. नारळ फोडून त्याची पूजा झाली, वर प्लास्टिकचं कव्हर घातलं आणि खोलीला कुलूप लावलं. पोरांना तो फक्त खिडकीतून बघायला मिळायचा. पुढं कुणीतरी उघडला, तर उंदरांनी वायरी खाल्लेल्या. आता पोरांच्या खिशात मोबाइल आहे आणि आपण वर्गात त्याच्यावर बंदी घालतो. मधल्या काळात काय बदललं आणि आपली कुलूप लावायची खोड कशी बदलली नाही, ते लिहा. याला परिप्रेक्ष्य म्हणतात.”

सर हसले. “असं लिहिलं तर संस्थेचे अध्यक्ष मलाच घरी बसवतील, मॅडम.”

भूगोलाच्या बाईंनी तेवढं माझं ऐकलं. निजामाच्या काळात साखळी टाकून मोजलेल्या जमिनी आता ड्रोननं मोजतात, पण बांधावरची भांडणं जशीच्या तशी आहेत, असं त्यांनी चांगलं लिहिलं. छापताना संपादक मंडळानं ती ओळ गाळली. बाकीच्यांना जे हवं होतं ते मी दातओठ खात लिहून दिलं.

त्याच आठवड्यात संस्थेच्या कार्यालयातून निरोप आला. पुढच्या जूनपासून इतिहास विषय बंद. आहेत त्या विद्यार्थ्यांनी बीडच्या कॉलेजात नाव न्यावं. आमच्या वर्गात एआय लॅब होणार.

कारण दिलं होतं ते असं, की पाहणी समिती आली तेव्हा वर्गात पोरं नव्हती. नसणारच. समिती आली होती ऐन थंडीत. इतिहास घेणारी आमची बहुतेक पोरं आष्टी-पाटोद्याकडची, ऊसतोड कामगारांच्या घरची. इतिहासाला प्रयोगशाळा लागत नाही. पुस्तक बोचक्यात बांधून कारखान्याच्या पट्ट्यात नेता येतं, फडाजवळच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत बसून वाचता येतं आणि पाडव्यानंतर परत येऊन पेपर देता येतो. म्हणून तर ती हा विषय घेतात. दिवाळी झाली की वर्ग ओस पडतो हे आमच्या शिपायालाही ठाऊक आहे. समितीतले सगळे याच जिल्ह्यातले, याच मातीत वाढलेले. तरी त्यांनी रिकामे बाक बघितले, चहा घेतला आणि लिहून गेले की विद्यार्थ्यांना विषयात रस नाही.

मी तरातरा प्राचार्यांकडे गेले. “सर, तुमचा थोरला भाऊ अजून कोयत्यावर जातो. दिवाळीनंतर गावात कोण राहतं ते मी तुम्हाला सांगायचं का?”

त्यांनी दार लोटून घेतलं. एरवी छापील बोलणारा माणूस एकदम घरच्या बोलीवर आला. “मला काय माहीत न्हाई का मॅडम? पन कागदावर हाय ते हाय. अध्यक्षांच्या मनात लॅब बसलीय, मी कावून वाईट होऊ? तुमचं समायोजन होईल बीडला. तुमी कशाला ताण घेता?”

माझं होईलच. कायम नोकरीवाल्या माणसाची सोय कुठं ना कुठं लागतेच. मला त्या क्षणी या माणसाची किळस आली, आणि ती अजून गेलेली नाही.

पहिल्या वर्षाची एक मुलगी आईबापाबरोबर ऊस तोडायला गेलेली होती. तिला कुणाकडून तरी बातमी कळली आणि तिनं फडातून फोन केला.

“मॅडम, वर्ग बंद होनार म्हनत्यात, खरं हाय का?”

“खरं आहे,” मी म्हणाले.

“बीडला न्हाई पाठवायचे मला. कॉलेज जवळ हाय म्हनून तर येऊ देत्यात. स्थळ बघून ठेवलंय, मॅडम. शाळा सुटली की याच उन्हाळ्यात उरकतील. तुमी अध्यक्षांशी बोला की.”

बोलते म्हणून मी शब्द दिला. पण अध्यक्ष काही केल्या भेटेनात. कधी लग्नाला गेलेले, कधी मौतीला, कधी मुंबईला. शेवटी मी चर्चासत्राच्या दिवसाची वाट बघत बसले. त्या दिवशी ते व्यासपीठ सोडून कुठं जाणार नव्हते.

त्या दिवशीची सकाळ फेटे बांधण्यात गेली. मग सत्कार, मग सत्कार राहून गेलेल्यांचे सत्कार. पाहुण्यांच्या भाषणापेक्षा त्यांचा परिचय लांबला. निबंधवाचनाची पाळी आली तोवर जेवणं तयार झाली होती, म्हणून सगळे निबंध वाचले असं गृहीत धरून प्रमाणपत्रं वाटून टाकली. समारोपात अध्यक्षांनी इतिहासाच्या महत्त्वावर घसा बसेपर्यंत भाषण केलं आणि त्याच दमात लॅबची घोषणा केली.

आभार माझ्याकडे होते. आमच्याकडे आभार कुणी ऐकत नाही. माणसं पिशव्या आवरत असतात आणि बोलणारा थांबला की टाळी वाजवतात. मी पाहुण्यांचे, मंडपवाल्याचे, आचाऱ्याचे आभार मानले. प्रत्येक वेळी टाळी पडली. मग अध्यक्षांकडे वळून मी एकेक शब्द सावकाश बोलले.

“उसाच्या फडात गेलेल्या पोरांची हजेरी ज्यांनी रिकाम्या बाकांवरून घेतली, आणि ज्या विषयामुळं ऊसतोड कामगारांच्या मुली कॉलेजची पायरी चढत होत्या तोच ज्यांनी बंद केला, त्या अध्यक्ष महोदयांचे आणि प्राचार्यांचे मी आभार मानते. पोरींना शाळेच्या दारातून परत पाठवणारी माणसं या भागात पूर्वीही होती. तुम्ही त्यांचंच काम पुढं नेताय. आजच्या विषयाचं ऐतिहासिक परिप्रेक्ष्य एवढंच आहे.”

मी थांबले. टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षांनी उठून, फेटा सावरत, दोन्ही बाजूंना हात जोडले. प्राचार्यांनी ऐकलं होतं. त्यांचा चेहरा उतरला, पण टाळी त्यांनीही वाजवली.

मी अध्यक्षांना गाडीजवळ गाठलं.

“लई भारी बोल्लात मॅडम,” ते म्हणाले, “तुमच्याबिगर आभाराला मजा न्हाई.”

“साहेब, वर्ग बंद करू नका. पोरींची लग्नं लावून देतील.”

“बगू की,” म्हणाले, आणि काच वर गेली.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. “बोल्लात का, मॅडम?”

“बोलले. सगळ्यांसमोर बोलले.”

“मंग काय म्हनले?”

“काय म्हणणार? टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी.”

पुढचं सांगायच्या आत ती फोन कानापासून लांब धरून ओरडली, “आये, समद्यांनी टाळ्या वाजवल्या म्हनं! ऱ्हातोय आमचा वर्ग!” तिकडं उसाचा ट्रॅक्टर सुरू झाला होता. तो लांब जाईपर्यंत मी थांबले आणि मग तिला पहिल्यापासून नीट सांगितलं.