दाराआडची दुनळी

बोजव्वाचा नेम सगळ्या गावाला ठाऊक होता. कैलपोळ्दच्या सणाला हत्यारांची पूजा आटोपली, बंदुकांच्या नळ्यांत खोवलेली कळलावीची फुलं काढून झाली, की माणसं मैदानात जमायची. उंच झाडाच्या शेंड्याला नारळ बांधलेला असायचा. पुरुषमाणसं एकामागून एक बार काढायची आणि कधी वाऱ्याला, कधी बंदुकीला दोष देत परत फिरायची. मग कुणीतरी ओरडायचं, "अरे, देवय्याच्या बायकोला बोलवा! नाहीतर हा नारळ वाळून आपोआपच पडायचा." बोजव्वा हात पुसत यायची, बंदूक खांद्याला लावायची आणि नारळ फुटायचा. देवय्या मागं उभा राहून लोकांना सांगायचा, "म्हणून मी घरात उलटून बोलत नाही."

त्या घरात बंदूक पिढ्यान्‌पिढ्या होती. मधल्या खोलीत, टांगलेल्या दिव्याजवळच्या खुंटीवर ती असायची. पण सासऱ्यांचा दंडक होता की घरात बंदुकीला जेवायला घालायचं नाही. काडतुसं सासूच्या पेटीत, लुगड्यांच्या तळाशी. मुलगा झाला की एक बार आणि माणूस गेलं की लागोपाठ दोन, हे आमच्या कोडगूत सगळीकडेच आहे. कॉफीचे मळे दूरदूर, मध्ये डोंगर. हाक पोचत नाही तिथं बार पोचतो. दोन बार ऐकले की हातातलं काम टाकून लोक निघतात. ही गोष्ट मोबाइल यायच्या आधीची. पावसाळ्यात तर गावातला एकुलता एक फोनही महिनामहिना मुका असायचा.

देवय्या हृदयाच्या दुखण्यानं अचानक गेला. मुली मैसुराला दिलेल्या. घरात बोजव्वा आणि अंथरुणाला खिळलेली सासू उरली. तिला सगळे थोरली अव्वाच म्हणत. ओढ्यापलीकडे धाकटा दीर पूवय्या आणि त्याची बायको चोंदम्मा राहत. त्यांना मूलबाळ नव्हतं. पूवय्या रोज सकाळी आईला बघायला यायचा, तिच्या पायांना तेल चोळायचा, गुळाची कॉफी प्यायचा आणि वहिनीची थट्टा करून जायचा.

त्याच वर्षी वरच्या अंगाच्या मळ्यात दरोडा पडला. दोघं म्हातारा-म्हातारी घरात होती. आधी कुत्र्याला विषाचं मांस घातलं, मग दोघांना खांबाला बांधलं आणि मिरीची पोती, दागिने, सगळं नेलं. म्हातारा त्या धक्क्यातून उठलाच नाही. बोजव्वा त्यांच्या घरी भेटून आली. संध्याकाळी दिवा लावला, इग्गुतप्पाला हात जोडले, "देवा, या घराची राखण कर" म्हणाली. मग सासूची पेटी उघडून दोन काडतुसं काढली, दुनळीत घातली आणि बंदूक स्वयंपाकघराच्या मागच्या दाराआड उभी करून ठेवली.

दुसऱ्या दिवशी पूवय्याच्या नजरेला ती पडली.

"वहिनी, दाराआड काय आहे ते?"

"केरसुणी."

"केरसुणीला दोन नळ्या कधीपासून फुटायला लागल्या?" त्यानं बंदूक मोडून पाहिली आणि त्याचा चेहराच बदलला. "भरलेली? अगं, आपल्या घरात हे कधी चालतं का?"

"आपल्या घरात आधी पुरुषमाणूस होतं."

"म्हणून काय झालं? चोर येईल तेव्हा ओळखशील कसा? कपाळावर गोंदून येणार आहे तो?"

"माझा नेम तुला माहीत नाही का?"

"नारळाचा माहीत आहे. नारळ झाडाला बांधलेला असतो, वहिनी. त्याला बघून तुझी छाती धडधडत नाही."

बोजव्वाला राग आला. हातातली पळी तिनं आपटली. "तुला सोपं आहे बोलायला. कडी वाजली तर चोंदम्मा तुला हलवून उठवते. मी कुणाला हलवू? या अव्वाला?"

पूवय्या म्हणाला, "मग दोघी आमच्याकडे राहायला या."

"आणि देवय्याच्या घरातला दिवा कोण लावील?"

"बरं. मग काडतुसं काढेपर्यंत मी तुझ्याशी बोलणार नाही. बघ."

"नको बोलूस. तेवढीच कानाला विश्रांती."

घराणंच हट्टी. पूवय्या रोज यायचा, आईजवळ बसायचा, पण वहिनीशी अक्षर नाही. काही सांगायचं झालं की कुत्र्याला सांगायचा. "मुत्तू, तुझ्या मालकिणीला सांग, पेजेत मीठ जास्त झालंय." बोजव्वाही मग मुत्तूलाच म्हणायची, "पाहुण्याला सांग, आवडत नसेल तर घरी बायको आहे." अंथरुणावरून थोरली अव्वा खुदकन हसायची. बोजव्वानं नुसती "कोण?" अशी हाक दिली तरी तो मुद्दाम ओ द्यायचा नाही, खाकरायचा फक्त. चोंदम्मा दोघांनाही हसायची. एकदा मात्र जावेचा हात धरून म्हणाली, "अक्का, तू मोठी आहेस. एक पाऊल मागं घे ना."

"त्यानं घ्यावं."

"तो म्हणतो, तू दाराआड काळ उभा केलायस."

"काळ रानात फिरतोय, चोंदम्मा. मी त्याच्यासाठीच उभी केलीये ती."

खरं सांगायचं तर तिचंही चुकलं म्हणता येत नव्हतं. दरोडा खरा होता, म्हातारा खरोखरच गेला होता. भीती काही तिनं मनानं रचलेली नव्हती. बंदूक दाराआड आल्यापासून तिला झोप लागायला लागली होती. एवढंच की संध्याकाळी दिव्यापुढे हात जोडून झाले की ती उठून आधी दाराआड बघून यायची.

भर पावसाळ्याचा कक्कड महिना लागला. त्या महिन्यात आमच्याकडे डोंगर दिसत नाहीत. दिवसाढवळ्या अंधारून येतं, धुकं कॉफीच्या झाडांतून वळचणीपर्यंत येऊन बसतं. थोरल्या अव्वानं खाणं सोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, आता औषध देऊन तिला त्रास देऊ नका. शेजारच्या बायका येऊन तोंडात पाण्याचे थेंब घालून गेल्या. सगळं गाव कान लावून होतं. आज नाही तर उद्या, देवय्याच्या घराकडून बार ऐकू येणार.

त्या दिवशी सकाळी पूवय्या आला नाही. दुपारी पावसाची जरा उघडीप झाली. बोजव्वा चुलीपाशी होती. मागच्या बाजूला, कॉफीच्या रांगेत, काहीतरी हललं. तिनं खिडकीतून पाहिलं. धुक्यात एक माणूस, डोक्यावरून गोणपाटाची खोळ, पाठीवर पोतं, वाकून चालणारा. आणि मुत्तू भुंकत नव्हता.

मुत्तू भुंकत नाही म्हणजे माणूस ओळखीचा, हे घरातल्या कुणालाही कळलं असतं. पण तिच्या डोळ्यांपुढे वरच्या मळ्यातलं विष घातलेलं कुत्रं आलं. आपल्या कुत्र्याला मारलं, असंच तिला वाटलं. तिनं बंदूक घेतली, दार उघडलं.

"कोण आहे?"

उत्तर नाही. माणूस पुढे आला.

"कोण आहे रे? बोल, नाहीतर घालते!"

तो माणूस खाकरला. त्या खाकरण्यातही तिला काही ओळखू आलं नाही. चाप ओढला गेला, आणि धक्क्यानं बोट दुसऱ्या चापावर जाऊन दुसरी नळीही सुटली. एक बार आणि लगेच दुसरा.

पाठीवरचं पोतं खाली पडून बांबूचे कोवळे कोंब चिखलात पसरले. अव्वाला त्यांची भाजी आवडायची. आईच्या तोंडाला कदाचित याची चव येईल म्हणून पूवय्या सकाळभर ओढ्याकाठी कोंब खणत होता. मुत्तू त्याच्या मागोमागच होता, शेपूट हलवत.

छर्रे मांडीत आणि ओटीपोटात गेले होते. बोजव्वानं अंगावरचं लुगडं फाडून आवळून बांधलं, रक्त थांबेना. पूवय्या शुद्धीवर होता. ओठ पांढरे पडले होते. "वहिनी," तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी तो तिच्याशी बोलत होता. "अव्वाला कळू देऊ नको."

बोजव्वा ओरडायला लागली. चोंदम्माला, शेजारच्या चेंगप्पाला, येईल त्या नावानं हाका मारल्या. देवाला मारल्या. गावानं त्या ऐकल्याही. पण गावानं आधी दोन बार ऐकले होते. लोक म्हणाले, थोरली अव्वा गेली, सुनेनं रडायला सुरुवात केली. मरणाघरी धावत जाऊ नये, आहे त्या कपड्यांत जाऊ नये, अशी आपली रीत. पुरुष कपडे बदलायला घरात गेले. बायकांनी पांढरी लुगडी काढली. चेंगप्पाकडे गावातली एकमेव जीप. अव्वाच्या माहेरच्यांना आणायला हवं, नवं कापड आणायला हवं, म्हणून भला माणूस कुणी सांगायची वाट न बघता तडक विराजपेटला निघून गेला.

ओढ्यापलीकडे चोंदम्मानंही बार ऐकले. सासूसाठी दोन अश्रू गाळले, पेटीतलं पांढरं लुगडं नेसली, नवऱ्याला हाका मारल्या. तो सापडेना तेव्हा तिला वाटलं, आईजवळच असेल. होताही तिथंच.

धुक्यातून पांढऱ्या कपड्यांची माणसं हळूहळू, रांगेनं, खाली मान घालून आली. पुढं काय झालं ते सांगवत नाही. तरुणांनी शिडीवर घालून पूवय्याला रस्त्यापर्यंत नेलं. रस्त्यावर जीप नव्हती. दिवेलागणीला चेंगप्पा नवं कापड घेऊन परतला तेव्हा उशीर झाला होता. ते कापड पूवय्यालाच लागलं. त्याच्यासाठी बार कुणी काढले नाहीत. बोलवायचं कुणाला? सगळे आधीच जमले होते.

पोलीस आले, कोर्टाच्या चकरा झाल्या, शेवटी अपघात ठरला. गावानं बोजव्वाला तोडलं नाही. उलट समजूत घालायलाच लोक येत. चेंगप्पाच्या मनाला स्वतःची जीप खात होती, म्हणून तो सगळ्यांत जास्त बोलायचा. "नशीब, वहिनी. धुक्यानं घात केला. खरोखरचा चोर असता तर आज साऱ्या कोडगूनं तुझं नाव घेतलं असतं."

"धुकं दरवर्षी येतं, चेंगप्पा."

"मग काय बंदुका टाकून द्यायच्या? उद्या दरोडेखोर आले तर पोलीस यायला दुसरा दिवस उजाडतो."

"उजाडतो खरा," बोजव्वा म्हणायची. तिला वाद घालायचा नव्हता. बंदूक ठेवणाऱ्याचं म्हणणं तिला पाठ होतं. ते तिचंच होतं.

आणि देवाची करणी अशी, की थोरली अव्वा त्या दुखण्यातून उठली. पेज मागायला लागली. एके सकाळी विचारलं, "त्या दिवशी दोन बार ऐकले मी. कोण गेलं?"

"वरच्या मळ्यातलं कुणीतरी," बोजव्वानं सांगितलं.

"पूवय्या का येत नाही?"

"मैसुराला गेलाय. कामानं."

म्हातारी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. त्यानंतर तिनं मुलाचं नाव काढलं नाही. सुनेच्या हातून पेज मात्र घेत राहिली. कळलं होतं की नव्हतं, देव जाणे. बोजव्वाला वाटायचं, अव्वानं एकदा तोंड फिरवावं, वाटी ढकलून द्यावी. ते काही झालं नाही.

कक्कड सरला. कैलपोळ्दला बोजव्वा पूजेला गेली नाही. त्याच सुमाराला एका दुपारी चोंदम्मा आली. पूवय्याचे दिवस झाल्यापासून ती या घरात पाऊल टाकत नव्हती. दारातच उभी राहिली.

"अक्का, मला बंदूक हवी आहे."

बोजव्वानं हातातलं काम खाली ठेवलं.

"एकटी आहे मी आता. पान पडलं तरी दचकते. मागची कडी दहादा तपासते. तू म्हणायचीस ना, मी कुणाला हलवू? आता मला कळलं तू काय म्हणत होतीस."

"बंदूक घरात नाही. पोलिसांनी सोडली की घराण्याच्या थोरल्या घरी जाईल. परत आणायची नाही."

"तुला झोप लागत होती तेव्हा तुला हवी होती. आता मला नको का?"

"तू इथं राहायला ये, चोंदम्मा. किंवा अव्वाला घेऊन मी येते."

"तुझ्या सोबतीनं?" चोंदम्मा हसली. ते हसणं बोजव्वानं कधी कुणाला सांगितलं नाही. "तुझ्या शेजारी मला झोप लागेल असं वाटतं तुला?"

आतून अव्वाचा आवाज आला, "कोण गं, चोंदम्मा का? ये, माझे पाय चोळून दे. कुणी चोळत नाही आता."

चोंदम्मा उंबऱ्यात थबकली. मग आत गेली, तेलाची वाटी घेतली आणि म्हातारीच्या पायांशी बसली. अंधार पडायला आला तरी उठली नाही. बोजव्वानं दोन ताटं वाढली, एक तिच्यापुढे सरकवलं. ती जेवली. तिचं अंथरुण अव्वाच्या खोलीत पडलं, ते पुढे तिथंच राहिलं.

अव्वा गेल्यावरही दोघी त्याच घरात राहिल्या. मिरी एकत्र वेचायच्या, रोट्या एकत्र भाजायच्या, दिवा कधी ही लावायची, कधी ती. भांडणं व्हायची ती मिठावरून, कोंबड्यांवरून. त्या दुपारचं नाव दोघींनीही काढलं नाही. क्षमा केली असं चोंदम्मा म्हणाली नाही, आणि क्षमा मागायचं बोजव्वाला धाडस झालं नाही. देवापुढे मात्र रोज मागायची.

फक्त एक होतं. चोंदम्मा मळ्यातून मागच्या वाटेनं परतायची तेव्हा, लख्ख ऊन असो की धुकं, कॉफीच्या रांगेच्या टोकापासूनच मोठ्यानं हाक द्यायची, "अक्का, मी आहे गं! चोंदम्मा!" घरात हत्यार म्हणून एक विळा होता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी एक दिवस ती चुकली नाही. आणि बोजव्वा हातातलं काम टाकून मागच्या दारात यायची, तिला दिसतील असे दोन्ही रिकामे हात बाहेर काढून उभी राहायची, आणि म्हणायची, "ये."