तेजरामभाऊंची आदर्श परसबाग

तेजराम रामटेके एसटीत कंडक्टर होते. बत्तीस वर्षं त्यांनी भंडारा-पवनी रस्त्यावर माणसांना पुढे सरकायला सांगितलं आणि माणसं सरकली. निवृत्त झाल्यावर सरकवायला घरात एकट्या पार्वताबाई उरल्या, आणि त्या सरकणाऱ्यांतल्या नव्हत्या. म्हणून तेजरामांनी भाजीपाला लावायचं ठरवलं.

त्यांचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं होतं. पुनर्वसनाच्या वसाहतीत मिळालेल्या प्लॉटमध्ये मातीपेक्षा मुरूमच जास्त. गाव बुडवायला पुरलेलं पाणी वसाहतीच्या नळाला मात्र दिवसाआड, अर्धा तास यायचं. तेजरामांनी तलावातला गाळ बंडीने आणून वाफे भरले आणि फेब्रुवारीत वांगी, भेंडी आणि बरबटी, म्हणजे चवळी, लावली. पार्वताबाई तांदूळ धुतलेलं, भांडी विसळलेलं पाणी बादलीत साठवायच्या आणि तांब्या-तांब्याने झाडांच्या बुडाशी ओतायच्या. कोणत्या झाडाला किती, हे तेजराम बाजूला उभं राहून सांगायचे. बाग दोघांनी मिळून केली, असं ते चारचौघांत मोठ्या मनाने कबूल करत.

मे महिन्यात ऊन पंचेचाळीसच्या वर गेलं. पार्वताबाईंनी बुडाशी धानाचं तणस पसरलं, चार बाजूंनी बांबू रोवले आणि आपल्या सहा जुन्या साड्या वर ताणून बांधल्या. शेजारच्या बेबीबाईने कुंपणावरून विचारलं, "तेजरामभाऊ, मांडव कोनाच्या लग्नाचा जी?"

"भेंडीच्या," तेजराम म्हणाले. "जेवाले ये."

आणि खरंच, अख्ख्या वसाहतीत हिरवं पान दिसायचं ते या साड्यांखाली.

ते ग्रामसेवक भूपेशनेही पाहिलं. वरून 'आदर्श परसबाग स्पर्धा' आली होती आणि त्याच्या वहीत परसबाग एकही नव्हती. त्याने तेजरामांचा अर्ज स्वतःच भरला, स्वतःच सहीपुरता पेन पुढे केला. तालुक्याच्या साहेबांची पाहणी नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, सव्वीस मेला ठरली. आदल्या संध्याकाळी भूपेश बाग बघून गेला.

"काका, बाग झकास आहे. फक्त ह्या साड्या काढा. फोटोत धोबीघाट दिसते. आणि हा कचरा उचला."

"तो कचरा नाही, तनस आहे," पार्वताबाई म्हणाल्या. "ओल धरून ठेवते."

"काकू, साहेबांना काळी माती दिसली पाहिजे. आणि उद्या सकाळी पाणी नका टाकू. चिखलात साहेबांचे बूट भरतील."

पार्वताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "ऐकू नका जी. झाडं मरतीन."

पण तेजरामांच्या डोळ्यांसमोर शाल-श्रीफळ उभं राहिलं होतं. "साहेब आठ वाजता येऊन राहिले, पार्वता. साडेआठले परत बांधून टाकू. एवढ्यात का होते?"

सकाळी सातला साड्या उतरल्या. तणस घरामागे गेलं. वाफ्यांच्या कडेच्या दगडांना चुना लागला. तेजराम इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून फाटकात उभे राहिले. आठ वाजले, दहा वाजले. भूपेश फोनवर सांगत होता, "निघालेच." अकरा वाजता बरबटीने माना टाकल्या. पार्वताबाई साडी घेऊन बाहेर आल्या तर तेजराम म्हणाले, "बांधली आन् गाडी आली तर?" बारा वाजता भेंडीची पानं कागदासारखी वाजायला लागली. तेजराम तिकडे पाठ करून उभे राहिले, पण फाटक सोडलं नाही.

दीड वाजता दोन गाड्या आल्या. साहेब उतरले, डोक्यावर रुमाल धरून वाफ्यापर्यंत गेले.

"हे तर सगळं करपलंय!"

भूपेश दगडांच्या चुन्याकडे बोट दाखवणार होता, पण त्याने हात आवरला.

साहेबांनी घसा साफ केला. "बघा काका, उन्हाळ्यात बागेला सावली करावी लागते. जुन्या साड्या बांधल्या तरी चालतं, खर्च नाही. बुडाशी तणस टाकायचं. थोडं डोकं लावायला पाहिजे."

फोटोग्राफरने मार्गदर्शन करणाऱ्या साहेबांचा फोटो घेतला. साहेबांना घाम आला होता. भूपेश म्हणाला, "काकू, पाणी मिळेल का?" पार्वताबाईंनी माठातलं पाणी दिलं. साहेबांनी अर्धं पिऊन उरलेलं ओसरीच्या फरशीवर ओतलं. त्या ओल्या डागाकडे पार्वताबाई गाड्या जाईपर्यंत पाहत राहिल्या.

मग तेजरामांनी इस्त्रीचा शर्ट काढला आणि साड्या एकेक करून स्वतः बांधल्या. गाठी सुटत होत्या, पुन्हा बांधत होते. "माह्यी चूक झाली," ते बांबूकडे तोंड करून म्हणाले.

"मले सांगता का बांबूले?"

"तुले."

पार्वताबाई विळा आणून वांग्यांचे करपलेले शेंडे छाटायला बसल्या. भेंडी आणि बरबटी गेलीच. चार वांग्यांना मात्र पंधरा दिवसांनी बुडातून फुटवे आले. पहिला नंबर ज्यांना मिळाला, त्यांच्या कुंड्या सव्वीस मेच्या सकाळीच नर्सरीच्या टेम्पोतून उतरल्या होत्या, असं बेबीबाई सांगत होती.

जुलैत तेजरामांना सहभागाचं प्रमाणपत्र आलं. सोनेरी काठाचं, जाड, नाव 'तेजमल'. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि पार्वताबाईंपुढे धरलं. त्या दोडक्याचं ओलं बी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी ते हातातून घेतलं, ओसरीत उताणं टाकलं आणि त्यावर बी वाळायला पसरलं.

"कागद चांगला आहे," त्या म्हणाल्या. "बी चिकटत नाही."