नवी चेन, जुने दाते

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आबांचे, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांचे. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. गडमुडशिंगीहून कोल्हापूरला कॉलेजला येताना एसटी चुकली, की आबा मला सायकलवरून आणायचे. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, मधे कॅरिअरवर मी. त्याच सायकलवर ते आज सत्तरीतही शहरात दूध घालतात, आणि तिच्यावरूनच आमचं वाजतं.

चेन सैल झाली की आबा तिची एक कडी काढून ती आखूड करतात. गावात सगळेच करतात. पण कडी काढून झीज जात नाही. उरलेल्या कड्या ताणलेल्याच राहतात आणि चक्रांचे दाते खात बसतात. कितीदा सांगायचं?

"पळतीया न्हवं? मग झालं की," आबा म्हणायचे. "तू कॉलेज शिकलास, सायकल न्हाय."

शेवटी दिवाळीत मीच हट्टाने नवी चेन आणून बसवली. मोठं काम केल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी भरलेले कॅन घेऊन आबा वाटेतल्या पुलाचा चढ उभ्याने पॅडल मारत चढत होते. चेन दात्यांवरून सटकली, आबा पडले. गुडघा फुटला, दूध रस्त्यावर.

सायकल आणि काढून ठेवलेली जुनी चेन मिस्त्रीकडे नेली. त्याने दोन्ही चेनच्या सारख्याच कड्या मोजून शेजारी शेजारी ठेवल्या. जुनी जवळजवळ एका कडीने लांब भरली. मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राचे, म्हणजे फ्रीव्हीलचे, दाते झिजून एका अंगाला वाकले होते; नव्या कड्या त्यांत नीट बसतच नव्हत्या.

"पावणं, चेन कुणी बदलली?"

"मी."

"शिकल्यालं दिसताय. म्हातारी चेन अन् म्हातारं फ्रीव्हील एकमेकाला संभाळून हुती. तुम्ही मधीच नवी सून आणली की! येळंत बदलली तर एकटी चेन बदलायची. येळ गेली की सगळंच."

मी सगळंच बदलायला सांगून आलो. दुसऱ्या दिवशी आबा लंगडत तिथे गेले आणि जुनीच चेन चढवून सायकल घेऊन आले. "ह्या चेननं मला कवा पाडलं न्हाय," म्हणाले. आता ती कधी तुटेल याचा नेम नाही, आणि पुलावर मागे ट्रक असतात. फोन केला तर "बरं, बरं" म्हणून ठेवून देतात. पण पुढे शिकायला मी हॉस्टेलवर राहिलो तेव्हाची माझी पत्रं त्यांनी ट्रंकेत जपली आहेत. कागदावर आलेलं ते मानतात. म्हणून लिहिलं:

"ती. आबांस सा. न. वि. वि.

चूक माझी झाली. नवी चेन जुन्या दात्यांवर बसवायला नको होती. पण जुनी चेनही आता धोक्याची आहे. सोमवारी मिस्त्री घरी येईल. पुढचं चक्र, फ्रीव्हील आणि चेन, तिन्ही बदलेल. त्याला नाही म्हणू नका. यापुढे चेन ताणली की कडी काढू नका, मला कळवा. तेवढी चेन बदलली की दाते टिकतील. सोमवारपर्यंत पुलावर खाली उतरून चालत जा.

आणि जुनी चेन मिस्त्रीच्याच हाती द्या. घरात राहिली तर तुम्ही ती पुन्हा चढवाल, हे मला ठाऊक आहे."