डाव्या हाताचा टेलिफोन

टेलिफोन विकणारे दुकानदार नगर जिल्ह्यात गल्लोगल्ली सापडतील, वायर जोडून निघून जाणारे कारागीरही पुष्कळ; पण टेलिफोन बसवणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमचे टेलिफोनवाले चाचा. आता कोणी म्हणेल, टेबलावर एक डबडं ठेवायचं, मागे वायर खुपसायची, त्यात बसवण्यासारखं काय आहे? असं म्हणणाऱ्याने चाचांना काम करताना पाहिलेलं नाही. आमच्याकडे सोयरीक जुळवतानाही एवढी चौकशी होत नाही, जेवढी चाचा एका टेलिफोनला टेबल देताना करतात. उंचीने बेताचे, दाढी मेंदीने लाल, डोक्यावर विणलेली पांढरी टोपी, खिशात टेस्टर आणि बोटभर उरलेली पेन्सिल. मी शेवगावच्या एका कापसाच्या जिनिंग मिलच्या ऑफिसात सत्तावीस वर्षं टेलिफोनवर बसते. बाहेरचा प्रत्येक फोन आधी माझ्याकडे येतो आणि मग मी तो मालकांना, वजनकाट्यावर किंवा गोडाऊनला देते. एकदा अशी वेळ आली होती की माझी ही खुर्ची राहणार की जाणार, ते या माणसाच्या एका वाक्यावर ठरणार होतं. त्या दिवसापासून मी चाचांचं नाव जरा जपूनच घेते.

पण आधी त्यांच्या तऱ्हा सांगायला हव्यात. पहिल्या दिवशी चाचा काहीही करत नाहीत. घडीचं स्टूल घेऊन येतात, कोपऱ्यात मांडतात आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसते बघत बसतात. कोण कुठल्या हाताने लिहितं, कोण बोलताना खुर्ची फिरवतं, कोण ओरडतं, कोण फोनवर बोलताना टेबलाखाली चप्पल शोधतं, सगळं बघतात. वीसेक वर्षांपूर्वी ते आमच्या मिलमध्ये पहिल्यांदा आले, तेव्हा मालक दुपारी वैतागले. "चाचा, काम सुरू कधी करणार?" तर चाचा म्हणाले, "सुरूच हाय की, मालक." संध्याकाळी उठून त्यांनी माझ्या टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीने चौकोन काढला. "ताई उजव्या हातानं लिवत्यात. टेलिफोन डाव्या हाताला. डाव्या कानानं ऐकायचं, उजव्यानं लिवायचं. मान वाकडी हुनार न्हाई." आणि खरोखर वर्षानुवर्षं माझी मान वाकडी झाली नाही.

कोणाला आतला कितवा नंबर द्यायचा, हेही चाचाच ठरवणार. एका साखर कारखान्यात त्यांनी पहिला नंबर वजनकाट्याला दिला आणि चेअरमनसाहेबांना पंधरावा. चेअरमन तापले. चाचा शांतपणे म्हणाले, "सायेब, तुमाला समदं गाव हुडकून काढतं. काट्यावरच्या मानसाला कुनी हुडकायचं?" पंधरावा नंबर पंधरावाच राहिला, आणि साहेब पुढे तो लोकांना कौतुकाने सांगू लागले म्हणे. चाचांचं दुसरं वेड अर्थिंगचं. इमारतीच्या मागे खड्डा घेऊन त्यात कोळसा आणि मीठ घातल्याशिवाय ते टेलिफोनचं खोकं उघडत नाहीत. वीज कडाडली तर सगळे टेलिफोन जळू नयेत म्हणून. शिवाय तो खड्डा कायम ओला पाहिजे. आमच्या वॉचमनला त्यांनी रोज बादलीभर पाणी ओतायला सांगितलं. रोज पाणी घालायचंच आहे तर ते फुकट का घालवा, असा विचार करून वॉचमनने तिथे भोपळा लावला. दोन महिन्यांत वेल खिडकीपर्यंत चढला आणि ऑफिसातल्या प्रत्येकाच्या घरी भोपळ्याची भाजी होऊ लागली. आता चाचा रागावणार म्हणून आम्ही सगळे दबकून होतो. चाचांनी वेलाकडे पाहिलं, खड्ड्यात बोट घालून ओल पाहिली आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. भोपळ्यापायी तरी पानी पडतंय." जाताना एक भोपळा स्कूटरला बांधून घेऊन गेले.

स्वभावात दोष म्हणाल तर एकच, पण तो चांगला पसरट. आपल्या हातचं काम चुकतं, हे चाचांना मान्यच नव्हतं. "माझ्या हातचं बसवनं चुकत न्हाई," हे वाक्य ते सलाम केल्यासारखं सहज म्हणायचे. प्रत्येक तक्रारीची नोंद त्यांच्या डायरीत असे आणि तिच्यापुढे दोष कोणाचा तेही लिहिलेलं असे. दोष: उंदीर. दोष: पाऊस. एका ठिकाणी नुसतंच, दोष: साहेब. राजूरच्या एका शाळेतून टेलिफोन मेल्याचा निरोप आला, तेव्हा हा माणूस दोन एसट्या बदलून डोंगरात गेला. बघतात तर हेडमास्तरांच्या बाईंनी टेलिफोनवर भरतकामाचा रुमाल घातलेला आणि त्याच्या खाली रिसिव्हर बाजूला सरकलेला. चाचांनी रुमालाची नीट घडी केली, रिसिव्हर जागेवर ठेवला, चहा घेतला आणि डायरीत लिहिलं, दोष: रुमाल. त्या डायरीची पानं मी एकदा मुद्दाम चाळली होती. स्वतःवर घेतलेला दोष मला एकही सापडला नाही, आणि तसं मी त्यांना चिडवलंही. "असता तर लिवला असता, ताई," असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर गर्वाचा मागमूस नव्हता. त्यांना ते साधं सत्य वाटत होतं.

आता माझी गोष्ट. पाच-सहा वर्षांपूर्वी माझा डावा कान जाऊ लागला. आधी रात्रंदिवस गुणगुण, मग नुसताच कापूस कोंबल्यासारखा. टेलिफोनवर बसणाऱ्या बाईचा कान जाणं म्हणजे काय, हे मला कोणी सांगायला नको होतं. मला दुसरं काहीही येत नाही. बोलणं आणि ऐकणं, एवढ्यावरच मी या ऑफिसात आहे. शेतकरी माझा आवाज ओळखतात, गाडीवाले माझ्याशी भांडतात, आणि हंगामात माझ्याशिवाय मालकांचं पान हलत नाही, असा माझा समज आहे. तो मला मोडायचा नव्हता. म्हणून मी कोणाला सांगितलं नाही. रिसिव्हर उजव्या कानाला लावून खांद्यात चिमटायला लागले, तरी लिहिताना तो घसरायचा आणि निम्मं निसटायचंच, मग मी म्हणायचे, "पुन्हा सांगा हो, लाईन खराब आहे." मालक समोर असले तर हेच जरा मोठ्याने. अशी दोन वर्षं मी त्या बिचाऱ्या लाईनीला बदनाम केलं. आणि माझ्या खोटेपणाचं फळ असं मिळालं की, एके दिवशी मालक आनंदाने म्हणाले, "ताई, तुमचा त्रास संपला. जुनं सगळं काढून टाकतो. डिजिटल टेलिफोन घेतोय. चाचांना बोलावलंय."

चाचा म्हणजे आधी लाईन तपासणार. आणि लाईनीबद्दल चाचांनी कधी कोणाची भीडभाड ठेवलेली नव्हती.

ते आले, स्टूल मांडलं आणि बसले. त्या दिवसाइतकी मी कुठल्याच दिवशी दमले नाही. मी हसून बोलत होते, रिसिव्हर मुद्दाम डाव्या कानाला लावत होते, काही कळत नव्हतं तरी हो-हो करत होते आणि मग गुपचूप उजव्याला नेत होते. चाचा बघत होते. पेन्सिल एकदाही खिशातून बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीवरच्या जुन्या डब्यात आपला तपासणीचा रिसिव्हर अडकवला, सगळ्यांना गप्प केलं आणि डोळे मिटून लाईन ऐकू लागले. खूप वेळ ऐकली. मालक कमरेवर हात ठेवून उभे होते.

"खराबच आहे ना?"

"न्हाई मालक. लाईन सवच्छ हाय."

माझ्या हातातलं पेन कागदावर तसंच टेकून राहिलं. मालकांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग चाचांकडे. "मग ताईंना ऐकू का येत नाही?"

चाचांनी माझ्याकडे मान वळवली नाही. ते वायर गुंडाळत म्हणाले, "टेलिफोन चुकीच्या हाताला बसलाय. ही बगा खिडकी, तिच्यापल्याड मशीन. समदा आवाज डाव्या अंगानं आदळतोय, मंग त्या कानात काय शिरनार? इतकी वर्सं ताईंनी ह्यात काम केलं, हेच लई."

"पण मग तिथं बसवला कोणी?"

"मीच. माझी चूक हाय."

मालक हसायलाच लागले, कारण असलं काही कानांवर पडेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. मला मात्र रडू आवरेना, म्हणून मी फायली लावायला कपाटाकडे गेले. तो टेलिफोन बसवताना हा माणूस एक अख्खा दिवस माझ्याकडे बघत बसला होता. खिडकी तेव्हाही होती, मशीनही होती, आणि टेलिफोन अगदी बरोबर हाताला बसला होता. हे मला माहीत होतं आणि त्यांनाही.

मग पुढचे दोन दिवस चाचांनी जे केलं, ते आठवलं की आजही मी थक्क होते. माझं टेबल असं फिरवलं की येणारा माणूस माझ्या उजव्या हाताला उभा राहील. नवा टेलिफोन काळा, रुंद, बारा बटणांचा, प्रत्येक बटणात बारीक दिवा. फोन आला की पडद्यावर नाव आणि नंबर दोन्ही उमटतात. त्याचा स्टँड त्यांनी चार वेळा वर-खाली केला. त्याची घंटी चिमणीसारखी बारीक होती, ती काढून जाड आवाजाची लावली, कारण बारीक आवाज माझ्या हातून आधी सुटतात हे एका दिवसात त्यांच्या ध्यानात आलं होतं. आतला आवाज शेवटच्या पायरीवर नेऊन तिथेच पक्का केला. आणि एका कानाचा हेडसेट आणला, तो उजव्या कानाला लावला. "नव्या मॉडेलची हीच पद्धत हाय, मालक. दोनी हात मोकळे ऱ्हात्यात," असं खणखणीत सांगितलं. मालकांना ते फार झोकदार वाटलं. मला खाली मान घालून हळूच विचारलं, "मान दुकत आसंल न्हवं?" मी म्हटलं, "थोडी." ते म्हणाले, "आता न्हाई दुकनार." बस, एवढंच. त्यानंतर त्या विषयावर एक शब्द नाही.

शेवटी परीक्षा. ती चाचांच्या हातून कोणाला चुकलेली नाही. फोन थांबवून ठेवणं, दुसऱ्याला देणं, तिघांना एकत्र बोलायला लावणं, हे प्रत्येकाने न चुकता करून दाखवायचं. एक डॉक्टर त्यात तीनदा नापास झाले होते आणि तोवर त्यांच्या दवाखान्यातला टेलिफोन चाचांनी चालूच केला नव्हता. आमचे मालक दुसऱ्या खेपेला कसेबसे सुटले. माझ्या वेळी चाचा काट्यावर जाऊन बसले आणि तिथून हळू आवाजात गाड्यांचे नंबर सांगत गेले, मशीन चालू ठेवून. मी दोन्ही हात मोकळे ठेवून लिहीत होते. कागद घेऊन वॉचमन काट्यावर गेला. थोड्या वेळाने माझ्या टेलिफोनचा दिवा लागला आणि कानात अगदी जवळून आवाज आला, "ताई पास." दहावीच्या निकालालाही मला एवढा आनंद झाला नव्हता.

मालक स्वभावाने वाईट नाहीत, पण पोटात काही राहत नाही. चाचांची चूक ही काही घरात ठेवण्यासारखी बातमी नव्हती. आठवडाभरात ती मार्केटात, हॉटेलात, पार घोडेगावच्या बाजारापर्यंत पोचली. भेटेल तो चाचांना विचारायचा, "काय चाचा, आजकाल डावा-उजवा कळत नाही म्हणे!" चाचा हसायचे. शेवगावात नवं हॉस्पिटल उभं राहत होतं, तिथलं काम त्यांचंच ठरलेलं होतं. ते नगरच्या एका कंपनीला गेलं. मी हे सगळं ऐकत होते, चांगल्या कानाने ऐकत होते आणि गप्प बसले. मला माझी खुर्ची प्यारी होती. हे लिहिताना आजही लाज वाटते. मग चाचांची नजर अधू झाली, ऑफिसांमधून मोबाईलवरच सगळं चालू लागलं आणि गेल्या वर्षी त्यांनी कामं घेणं बंद केलं. घोडेगावला लेकीकडे राहायला गेले. आमचं काम हे त्यांचं शेवटचं मोठं काम ठरलं.

यंदा हंगाम सुरू व्हायच्या आधी मी नगरला जाऊन कानाचं मशीन बसवून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी कानावरचे केस मागे सारून मालकांच्या केबिनमध्ये उभी राहिले. सगळं सांगितलं. लाईन, खोटं बोलणं, चाचा, सगळं. काढायचं असेल तर काढा, असंही म्हटलं. मालकांनी खुर्चीतून वाकून माझ्या कानाचं मशीन पाहिलं. मग म्हणाले, "ताई, काढायचं काय? मी दोन वर्षं त्या लाईनवाल्यांना शिव्या घातल्या हो!" आणि पुढे काही न बोलता त्यांनी टेलिफोनचा स्पीकर लावून चाचांचा नंबर फिरवला.

"चाचा, तेव्हाची चूक तुमची नव्हती. ताईंनी मला सगळं सांगितलंय. आता मी गावभर सांगतो."

पलीकडे कोंबडी ओरडली, कोणीतरी भांडं ठेवलं. चाचांचा आवाज थकलेला वाटला. "ताई अजून त्याच टेबलावर बसत्यात न्हवं?"

"हो, बसतात की."

"मंग बसवनं बराबर हाय, मालक. गावाला कशाला सांगताय."

मला खूप बोलायचं होतं. सत्तावीस वर्षं बोलण्याची नोकरी करणारी मी, त्या स्पीकरसमोर वाकून फक्त "चाचा" एवढंच म्हणू शकले.

"आलं ऐकू, ताई," ते म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.