उजवीकडे जाणारी सायकल

सायकली बनवणाऱ्या त्या छोट्या कंपनीत नऊ वर्षं काढूनही त्याला सायकल चालवता येत नव्हती. हे फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होतं. कंपनीत सगळे त्याला ‘आर्टिस्ट’ म्हणत. कौतुकानं नव्हे, मालकांना नावं लक्षात ठेवायचा कंटाळा होता म्हणून.

त्याचं काम कंपनी सायकलींच्या जोडीनं विकायची त्या टी-शर्टवरची चित्रं काढण्याचं. एका चित्राचे शंभरच टी-शर्ट, मग ते पुन्हा छापायचं नाही. एकशेएकावा कधी खपलाच नसता, पण मालक याला तत्त्व म्हणत. दुसरं तत्त्व असं, की सायकल उजवीकडेच जाणारी हवी. डावीकडे गेली की त्यांना कंपनीच मागं चालल्यासारखी वाटे.

या खेपेला कॉलरच्या आत चित्रकाराचं नाव छापायचं त्यांनी कबूल केलं होतं. नऊ वर्षांत पहिल्यांदा. त्यानं जीव ओतला. बायकोची सायकल झोपायच्या खोलीत स्टँडवर लावली, कपाटाच्या आरशासमोर स्वार झाला आणि स्वतःलाच वहीत उतरवलं. आरशातली सायकल उजवीकडे जावी म्हणून डावी बाजू आरशाकडे केली.

“पोचलात की फोन करा हं,” बायको दारातून म्हणाली.

मालक चित्रावर खूश झाले. नमुन्याचा टी-शर्ट पंधरा दिवस त्यांच्या केबिनमध्ये टांगलेला होता. मग एकदा म्हातारे मेकॅनिक काका सही घ्यायला आत गेले आणि बाहेर येऊन थेट त्याच्या टेबलाशी थांबले.

“चेन कुठाय रे?”

“पलीकडच्या बाजूला.”

“सायकलची चेन उजव्या अंगाला असते. उजवीकडे चाललेल्या सायकलची चेन आपल्यासमोर दिसायला नको? आरशात बघून काढलंस की काय?”

त्यानं टेबलावरची वही मिटली.

“राहू दे. मी नाही बोलत. जन्म सायकलीत गेलेल्या साहेबांना दिसलं नाही, गिऱ्हाइकाला काय दिसतंय!”

दोन दिवस त्यानं ते गिळून पाहिलं. गळ्याशी आपलं नाव आणि छातीवर ती खोटी सायकल, तीही शंभर वेळा. तिसऱ्या दिवशी तो केबिनमध्ये गेला.

“साहेब, चित्रात चूक आहे.”

मालकांनी चष्मा लावला, काढला, टी-शर्ट उलटा करून पाहिला. “कुठं?”

शेवटी त्यानं त्यांना कारखान्यात नेऊन खरी सायकल दाखवली. मालक तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले, पहिल्यांदाच कुणी ओळख करून दिल्यासारखे.

“माझ्या लक्षात आलं होतं,” ते म्हणाले. “तू स्वतः सांगतोस का, बघत होतो. आता चेन नीट काढ. आणि कॉलरमध्ये नाव माझं टाकू. चूक मी पकडली ना.”

“चालेल,” तो म्हणाला. “काकांना सांगतो तसं. ते विचारत होते, साहेबांना पंधरा दिवस दिसलं कसं नाही.”

पलीकडे काका पाना पुसत होते. नको तितका वेळ.

“तुझंच टाक,” मालक म्हणाले. “बारीक अक्षरात.”