साडेअकराची रिकव्हरी

पुराव्याशिवाय कशावरही विश्वास न ठेवणारा माणूस अख्ख्या इंदापूर तालुक्यात एकच झाला, आणि तो नेमका आमच्या आत्याच्या वाट्याला आला. आत्याचे यजमान म्हणून आम्ही त्यांना मामा म्हणतो. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उभी हयात घालवून मामा शेळगावला घरी बसले, पण उसाची गोडी मोजायचं दुर्बिणीसारखं यंत्र त्यांच्या खिशातून काही गेलं नाही. माझ्या लग्नात त्यांनी गुलाबजामच्या पाकाचा थेंब त्याच्या काचेवर घेतला, एक डोळा मिटून पाहिलं आणि भर पंगतीत आचाऱ्याला सांगितलं, "पाक पातळ हाय. चवीवर जाऊ नका, आकडा बघा." आचारी असा रुसला की मठ्ठा माझ्या भावाला वाढावा लागला.

रिकव्हरी हा शब्द बाहेरच्या जगात आजाऱ्यासाठी असेल. आमच्या ऊसवाल्या मुलखात तो उसासाठी आहे. शंभर किलो उसातून जितके किलो साखर निघाली, तितकी रिकव्हरी. मामांच्या घरात मात्र ती सगळ्यालाच लागू होती. माझा दहावीचा निकाल, म्हशीचं दूध, शेजारच्या नव्या सुनेचा स्वभाव, प्रत्येकाची रिकव्हरी निघायची, आणि साडेअकरा म्हणजे उत्तम. हंगामात कारखान्याचा आकडा अकराच्या खाली घसरला की मामांच्या घशाखाली घास उतरत नसे. आत्या ताट झाकून ठेवायची आणि उसाच्या नावानं बोटं मोडायची. चाळीस वर्षं तिनं हेच केलं.

मग आत्यालाच कर्करोग निघाला. सलाइनमधून औषध द्यायच्या दिवशी दोघं बारामतीला माझ्या घरी उतरायची. औषधानं तिला इतकं मळमळायचं की चहाचा घोटसुद्धा पोटात ठरत नसे. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, त्या पुऱ्या पडेनात. तेव्हा मामांनी मोबाइलवर चिनी सुयांचं, म्हणजे अ‍ॅक्युपंक्चरचं, संशोधन वाचायला घेतलं. इंग्रजी कोश मांडीवर, चष्मा कपाळावर. सगळ्यात त्यांना आवडली ती खोट्या सुईची गोष्ट. रोग्याला न सांगता काहींना खरी सुई टोचायची, काहींना भलतीकडेच, आणि मग ताडून बघायचं. "माणूस टोचणाराचं मन राखायला खोटं बोलतो," ते मला समजावायचे. "म्हणून त्याला कळूच द्यायचं न्हाय."

हा मंत्र घेऊन ते भिगवणला भरलेल्या एका सुयांच्या शिबिरात गेले. गुडघे, दमा, शुगर, सगळ्यांवर एकच इलाज असा फलक होता. मामांनी सुईवाल्याला विचारलं, "बिनसुईची माणसं कुठं बसवलीत?" तो म्हणाला, "बाहेर बाकावर. नंबर आला की बोलावतो." मामा तसेच परत आले.

शेवटी बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनीच तोडगा काढला. सुया नकोत म्हणाल्या, पण मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटं वर एक बिंदू आहे. मळमळीसाठी तिथं दाब दिल्याचा थोडाफार पुरावा आहे, गोळ्या चालू ठेवून करून बघा. मामांनी इलॅस्टिकच्या दोन पट्ट्या शिवल्या, आत शर्टाचं बटण. लाल दोऱ्याची बरोबर बिंदूवर बसणारी, पांढऱ्या दोऱ्याची मुद्दाम बाजूला सरकवलेली. एक दिवस ही, एक दिवस ती. आत्याला त्यांनी सांगितलं, "दोन्ही जागा चिनीच हायत." आयुष्यातलं त्यांचं हे पहिलं खोटं असावं, कारण सांगताना त्यांचे कान लाल झाले होते.

रोज दुपारी ताटावर बसण्याआधी मामा विचारायचे, "आज रिकव्हरी किती?" आत्या भिंतीला टेकून म्हणायची, "साडेअकरा." लाल असो, पांढरी असो, साडेअकरा. मामा आकडा कागदावर टिपून ठेवायचे. दोन महिन्यांनी मामांनी तो कागद माझ्यापुढं ठेवला. "फरक शून्य. उगाच तिच्या हाताला काच कशाला?" आणि दोन्ही पट्ट्या त्यांनी कात्रीनं कापल्या.

ते बाहेर गेल्यावर ती मला हळूच म्हणाली, "लाल दोऱ्याची बरी व्हती गं. त्या दिवशी चहा टिकायचा पोटात."

"मग सांगितलं का नाहीस?" मी जवळजवळ ओरडलेच.

"आन् पांढरीच्या दिवशी काय सांगू? अकराच्या खाली आकडा गेला की हे जेवत न्हाईत." मग तिनं माझा हात धरला. "त्यांना बोलायचं न्हाय. माझी शपथ हाय तुला."

मी बोलले नाही. तेव्हा एक शब्द बोलले असते तर नवी पट्टी शिवायला मामांना किती वेळ लागला असता? आत्या पुढं चार महिने होती. त्या चार महिन्यांत तिच्या पोटात चहा ठरलेला मी पाहिला नाही. एका बाईच्या चहावरून काही सिद्ध होत नाही, हे मामांनीच मला शिकवलंय, आणि मी स्वतःला तेच सांगत असते. पण मला ते पटत नाही.

ती गेल्यावर मामा वाळत चालले. परवा मी शेळगावला गेले, तर सकाळचं ताट तसंच झाकलेलं. मी गरम भाकरी केली आणि समोर बसले. खिशातून त्यांनी तो जुना कागद काढला.

"साठ दिवस, साठ साडेअकरा," ते म्हणाले. "असा एकसारखा आकडा उसाचासुद्धा येत न्हाय, पोरी. मला तवाच कळाया पायजे व्हतं. तुला काय बोलली व्हती का ती? लाल आन् पांढरी, काय फरक?"

पुरावा मागणाऱ्या माणसाचा एकुलता एक पुरावा माझ्यापाशी होता. मी भाकरीकडं पाहिलं, त्यांच्या गळ्याच्या लोंबत्या कातडीकडं पाहिलं.

"काही नाही मामा," मी म्हणाले. "दोन्ही सारख्याच. साडेअकरा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"आत्यावर गेलीस अगदी," म्हणाले, आणि त्यांनी भाकरी मोडली.