पाटावरची आखूड रायफल

आमच्या गावात खंडेनवमीला मारुतीच्या देवळात हत्यारांची पूजा होते. कोयते, कुऱ्हाडी, वस्तरे, शिंप्याची कात्री, सगळं येतं. मधला पाट बंदुकीचा. त्या पाटावर वडिलांच्या वेळेपासून आमची दुनळी असायची. रानडुकरांनी भुईमूग उकरला, ऊस पाडला की माणसं आमच्याच दारात यायची. परवाना पीकसंरक्षणाचा होता आणि मान माझा होता. मला तो मान फार आवडायचा, हे आधीच सांगून टाकतो.

माझा मित्र वाणी. सिरसाळ्याच्या बाजारात त्याचं दुकान, गावात चाळीस एकर. गळ्यात लिंग, घरात अंडंही शिजत नसे. गावात टीव्हीची केबल आली त्याच सुमारास त्यानं हैदराबादहून रायफल आणली. तीनशे पंधरा बोरची, बोल्ट मागे ओढून एकेक गोळी चढवायची. कारागिराकडून तिची नळी परवान्यात चालेल इतपत आखूड करून घेतली होती. लाकडाच्या जागी काळा हलका दस्ता. खांद्याला अडकवून माणूस दिवसभर बांधानं फिरला तरी ओझं वाटू नये, अशी. आणि दुर्बीण! ती नेहमीसारखी डोळ्याजवळ नव्हती, पुढे नळीवर बसवलेली. परदेशी माल तेव्हा नुकताच मिळायला लागला होता.

"दोन्ही डोळे उघडे ठेवायचे बे," तो मला म्हणाला. "एका डोळ्यानं दुर्बीण, दुसऱ्यानं सगळं रान."

"खाणार न्हाई आन मारणार. कावून रे तुला हे?" मी विचारलं.

"तू खातोस की! मी मारतो, तू खा."

बघायला जमलेले सगळे हसले. मीही हसलो. मग त्यानं ती माझ्या हातात दिली. मी खांद्याला लावली आणि माझा डावा डोळा आपोआप मिटला. पंचवीस वर्षांची सवय. उघडा ठेवायला गेलो तर समोरची बाभळ दोन दिसायची. त्याला ते दिसलं असावं, पण त्यानं नुसती रायफल परत घेतली. बोलला असता तर बरं झालं असतं.

त्या हंगामात त्यानं सहा डुकरं पाडली, सगळी एकेका गोळीत. माझ्या दारात कुणी येईना. एकदा तर आमच्याच उसात डुकरं शिरली आणि माझा सख्खा भाऊ त्याला बोलवायला गेला. मला म्हणाला, "दादा, तुमची दुनळी जवळून चालती, त्याची लांबून. राग मानू नका." मी राग मानला नाही असं सांगितलं आणि दोन दिवस जेवलो नाही.

नवमी आली. पुजाऱ्यानं माझी दुनळी उचलून कडेला, वस्तऱ्यांजवळ ठेवली. मधल्या पाटावर ती आखूड रायफल. हळद, कुंकू, झेंडूचा हार. दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघनाआधी हत्यारं उचलताना मित्र मला म्हणाला, "काचेवर कुंकू उडालंय. तू पूस, तुझा हात हलका हाय." आणि तो आपट्याची पानं आणायला गेला.

दुर्बिणीला दोन झाकणं असतात. त्यांच्याखाली चकत्या. नाण्यानं फिरवायच्या, की नेम सरकतो. मला हे त्यानंच शिकवलं होतं. मी काच पुसली. मग कडेचं झाकण काढलं, आठ आण्याचं नाणं लावलं आणि चकती जवळजवळ एक फेरा फिरवली. टिक टिक आवाज येत होता. झाकण परत लावलं. त्याची एक गोळी चुकावी, माणसांनी एकदा हसावं, एवढंच माझ्या मनात होतं.

एरवी त्यानं निशाणीवर एक गोळी मारून नेम तपासला असता. पण आमच्याकडे रीत अशी, की पूजेतून उठवलेल्या हत्याराची परीक्षा बघायची नाही. पहिली गोळी सरळ कामावर. हे मला माहीत होतं. त्याच्यावरच माझी भिस्त होती.

चौथ्या दिवशी सकाळी तेलगावच्या वाटेवरच्या उसातून हाकाऱ्यांनी मोठा नर बाहेर काढला. आम्ही दोघं बांधावर, मी वीस पावलं पलीकडे. डुक्कर डावीकडून उजवीकडे निघालं. मित्रानं दोन्ही डोळे उघडे ठेवून गोळी झाडली. ती खांद्यावर बसायची, मागच्या पायावर बसली. जनावर वळलं आणि पडीक रानात शिरलं. तिथं एका धनगराची मेंढरं बसली होती. तो तरणा गडी काठी घेऊन आडवा झाला. डुकरानं त्याची मांडी गुडघ्यापासून वर फाडली.

मी धावत जाऊन पंधरा पावलांवरून दुनळी झाडली. डुक्कर पडलं.

माणसांनी धनगराला जीपमध्ये घातलं. मित्र त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला आणि रायफल माझ्याकडे फेकल्यासारखी दिली. जीप गेली. रानात मी एकटा. खिशात तेच नाणं होतं. मी चकती परत फिरवून जागेवर आणली.

आठवड्यानं मित्रानं पोत्यावर रायफल टेकवून निशाणीवर पाच गोळ्या मारल्या. पाचही मधोमध. त्यानं निशाणीचा कागद काढून हातात घेतला. मग मला विचारलं, "रायफल बरोबर हाय. माझी नजर गेली का बे?"

मी म्हणालो, "वय झालं आपलं."

त्यानं रायफल ठाण्यात जमा केली ती कायमची. बाजारात पोरं त्याला 'दोन डोळ्यांचा' म्हणू लागली. मला मात्र सगळं मिळालं. धनगराला वाचवणारा म्हणून सरपंचानं नारळ दिला आणि पुढच्या नवमीला दुनळी पुन्हा मधल्या पाटावर आली. मी हात जोडले तेव्हा शेजारी तोही हात जोडून उभा होता.

तो गेला त्याला तीन वर्षं झाली. जिवंत असताना सांगणं मला जमलं नाही. परवा त्या धनगराकडे गेलो. आता तोही म्हातारा झालाय. पाय ओढत दारात आला, खाटेवर बसवलं, सुनेला पाणी आणायला सांगितलं. मी सगळं सांगितलं, नाण्यासकट.

त्यानं ओढता पाय हातानं उचलून खाटेवर घेतला. मग म्हणाला, "वाणी दर साली सुगीला ज्वारीचं पोतं घेऊन यायचा. सोता, डोक्यावर. मरेस्तोवर. मी एक डाव बी त्याला आत घेतलं न्हाई. पोतं हितं टाक म्हनायचो, दारात. घोटभर पाणी इचारलं न्हाई."

सून तांब्या घेऊन आली होती.

"ने तो आत," तो तिला म्हणाला.

मी उठलो. त्यानं मला थांबवलं. "मला सांगून काय फायदा? गावाला सांगा. त्याची नजर लई चांगली व्हती, हे गावाला सांगा."

म्हणून हे लिहिलं. येत्या नवमीला देवळात उभं राहून वाचणार आहे. दुनळी त्या दिवशी घरीच राहील.